लाभानंतर दोन

करावे गावातून नेरूळच्या नव्या शाळेकडे जाणारी वाट मिठागराच्या मोडक्या बांधावरून जायची, आणि त्या बांधावर गोजरा रोज आपली पावलं मोजायची. तेराशे बारा. एखाद्या दिवशी तेराशे तेरा भरली, तर समजावं वाटेत खेकडा आडवा आला. दिसेल ते मोजत सुटायची पोरीला खोडच होती: बगळे, होड्या, वेणूआत्याच्या टोपलीतले बोंबील, पावसाच्या आधी आढ्यावरून खाली उतरणाऱ्या मुंग्या. तरी तिला कोणी विचारलं असतं तर तिनं छातीठोक सांगितलं असतं, की आपल्या डोक्यात गणिताच्या जागी चिखल भरलाय.

ही खात्री तिला एका सकाळीत झाली. त्र्याऐंशी सालचा जून, सातवीचा वर्ग, टिपणीसबाईंचा पहिला तास. बाई दादरहून नव्या वसाहतीत राहायला आल्या होत्या. त्यांनी पहिल्या बाकावरच्या गोजराला सांगितलं, "जरा वह्यांचा गठ्ठा मोज ग, किती आहेत बघू."

गोजरा मोजायला लागली, तिच्या घरी मोजतात तशी. खळ्यावर नाहीतर मिठागरात पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही. एक म्हटलं की बरकत एकावरच थांबते, अशी समजूत. म्हणून पहिलं माप पडलं की म्हणायचं लाभ, मग दोन, मग तीन, आणि वीस भरले की एक चिंचोका बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून.

"लाभ, दोन, तीन, चार..." करत ती शेवटच्या वहीला पोचली आणि म्हणाली, "दोन विसा तीन, बाई."

वर्ग फुटला. फ्लॅटमधली पोरं बाकांवर डोकी टेकवून हसली. पाठीमागून दिलीपनं आवाज दिला, "ए लाभ, माझी वही कितवी ग, दीड विसावी काय?"

बाईंनी डस्टर आपटलं, पण हसू त्यांच्याही ओठांत अडकलं होतं, आणि गोजरानं नेमकं तेवढंच पाहिलं. दोन विसा तीन म्हणजे त्रेचाळीस, आणि वह्या त्रेचाळीसच होत्या, हे त्या गोंधळात कोणाच्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोजरा शेवटच्या बाकावर, खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. शेजारी स्मिता नावाची मुलगी होती. तिला चष्मा होता आणि बोलायला कोणीतरी हवं होतं.

आता त्या कोपऱ्याबद्दल. शाळा उभी होती मिठागराच्या भरावावर. वर माती, मुरूम, सिमेंट आणि फरशी, सगळं नियमाप्रमाणे. पण खालचं मीठ काही नियम वाचून गप्प बसणारं नव्हतं. पावसाळा लागला की फरशीच्या सांध्यांतून पांढरा लोणा फुटायचा. गोजराच्या बाकाखाली तर एवढा, की शिपाई रोज झाडून सुपलीभर बाहेर टाकायचा, आणि गावातल्या म्हशी तो चाटायला फाटकाशी उभ्या राहायच्या.

पहिल्या चाचणीच्या दिवशी बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. सत्तावीस गुणिले चौदा. गोजरानं मान खाली घातली, तोच पायाखालून आवाज आला. धप्. पाटीतून मीठ राशीवर ओतलं की येतो तसा. मग पुन्हा धप्, पुन्हा धप्, आणि प्रत्येक धप् बरोबर एका म्हाताऱ्याचा घोगरा, न दमणारा आवाज. वर्गातला पंखा खडखडत होता, दिलीप पट्टी वाजवत होता, म्हणून सुरुवातीचं काही नीट ऐकू आलं नाही. पण पुढचं स्वच्छ होतं. "...सोळा, सतरा, अठरा, एकोनीस, वीस. हा एक चिंचोका."

गोजरानं पाय वर घेतले. स्मिताकडे पाहिलं. स्मिता शांतपणे पेन्सिलीला टोक करत होती.

आवाज इतक्या वेगानं मोजत होता की एखाद्यानं तांब्याभर पाणी प्यावं तेवढ्यात शंभर पाट्या ओतून व्हाव्या. तरी गोजरा त्याच्याआधी पोचली. सत्तावीस चोक एकशे आठ, वर दोनशे सत्तर, तीनशे अठ्ठ्याहत्तर. तिनं उत्तर लिहिलं आणि खालच्याचं संपायची वाट पाहत बसली. खालचा अखेर थांबला. "अठरा विसा सतरा," तो म्हणाला.

तीनशे सत्त्याहत्तर.

गोजरानं रबर घेतला. आपल्या डोक्यात चिखल आहे हे तिला माहीत होतंच. तिनं आठ खोडून सात केले.

पुढच्या गणिताला तेच. तिचे बावन्न, खालच्याचे एक्कावन्न. तिचे दोनशे दहा, खालच्याचे दोनशे नऊ. दहाच्या दहा उत्तरं तिनं खोडली आणि खालच्याची लिहिली. चाचणी संपली तेव्हा तिच्या पायांच्या बोटांमध्ये जाडं मीठ होतं आणि वर्गाला भरतीचा वास येत होता.

टिपणीसबाईंनी पेपर तपासला आणि तिला टेबलाशी बोलावलं. "गोजरा, रीत सगळी बरोबर आहे. आणि उत्तर प्रत्येक वेळी एकानं कमी. प्रत्येक वेळी. अग, चुकायचं तर माणसासारखी चूक की. हे असं मापात चुकायला तुला शिकवलं कोणी?"

गोजरानं पेपर उचलला. काय सांगणार, की फरशीनं शिकवलं?

संध्याकाळी तिनं बापाला विचारलं. सिताराम आधी मिठागरात होता. मिठागर गेल्यावर नव्या वसाहतीच्या बागेत माळी लागला होता. अंगणात बसून तो पायाच्या भेगांना तेल लावत होता.

"बाबा, शालंखाली कोन मोजतंय?"

सितारामाचा हात थांबला. "कसा मोजतंय?"

"पाट्या. इसा-इसानं. चिंचोकं टाकून."

सितारामानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पोपट मापारी."

पोपट मापाऱ्यानं चाळीस वर्षं त्या मिठागरात पाट्या मोजल्या. चाळीस वर्षांत एक पाटी इकडची तिकडे नाही. मुकादम स्वतःचं मोजायचा ते निव्वळ रीत म्हणून. मग अकरा-बारा वर्षांमागं नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, आणि शेवटची रास मोजायचा दिवस आला.

"पयली पाटी परली," सिताराम सांगू लागला, "तवाच साखलीवालं आलं, जमीन मापनारं. पोपटदादाला रस्ता इचारला. दादानं सांगितला, नि परत मोजाया लागला. सरतेशेवटी मुकादम म्हंतो चौदा इसा. दादा म्हंतो येक कमी. मुकादमानं दाखवला, आमी समद्यांनी सांगितला, चौदा इसाच हाय. पन दादा काय ऐकंना. तवा मी..." सितारामानं तळवे चोळले. "मी हसलो ग. म्हनालो, दादा, वय झाला तुमचा, आता घरा बसून नातवांचं दात मोजा. समदी हसली."

"मग?"

"मग काय. सगलं घरा गेलं, नि तो एकटाच रास परत मोजाया बसला. अवसेचा उधान व्हता. बांध फुटला. मीठ पान्यात गेला. दादा पन. चिंचोक्यांचा डबा तेवरा गावला, झाकन लावल्याला." तो उठला. जाता जाता म्हणाला, "त्याचा आयकू नको. आन ऐक, ह्या साली गनितात गेलीस तर मी फी भरनार नाय. वेनूच्या संगती बाजारात बसायचा. आपल्या घरात मोजनी कोनाला जमल्याली नाय."

गोजराला रात्रभर झोप आली नसेल असं वाटेल, पण ती गाढ झोपली. तिला उलट बरं वाटलं. चाळीस वर्षं न चुकलेला माणूस तिच्या बाकाखाली होता. मग त्याचं खरं, की वर्ग ज्याला हसला त्या पोरीचं खरं? रबर हातात धरायला आता कारणही मिळालं.

सहामाहीत तिला शंभरात अकरा गुण मिळाले. तिच्या वहीत प्रत्येक उत्तराच्या शेवटच्या आकड्याच्या जागी रबरानं भोक पडलं होतं. वही उजेडाकडे धरली की चाळणीसारखी दिसायची.

"तू बरोबर उत्तर खोडतेस," स्मिता एकदा म्हणाली. "मी बघते ना. आधी बरोबर लिहितेस, मग फरशीकडे बघतेस, मग खोडतेस. वेडी आहेस का?"

"तुला काय ऐकू येतंय का?"

"पंखा," स्मिता म्हणाली. "आणि दिलीप."

डिसेंबरात टिपणीसबाईंनी एक युक्ती केली. खेळाच्या तासाला गोजराला वरच्या मजल्यावर शिक्षकांच्या खोलीत नेलं आणि तिथल्या फळ्यावर दहा गणितं घातली. गोजरानं ती सोडवली, आणि प्रत्येक वेळी सवयीनं खाली पाहिलं. खाली फरशी होती, फरशीखाली पाचवीचा वर्ग, आणि पाचवीचा वर्ग परवचा म्हणत होता. बाकी काही नाही. दहापैकी दहा बरोबर.

बाई तिला तशीच हाताला धरून खाली घेऊन आल्या. तीच गणितं, तोच खडू, आणि डोक्यावर तोच खडखडणारा पंखा. गोजरानं उत्तरं लिहिली, ऐकलं, पुसली. दहापैकी शून्य.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. बी.एड.च्या पुस्तकात त्यांनी आत्मविश्वासावर एक प्रकरण वाचलं होतं, पण आत्मविश्वास जिना चढून वर जातो आणि खाली येताना वरच राहतो असं त्यात कुठं म्हटलं नव्हतं. "बाळ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला गणित येतं. मला शंभर टक्के माहीत आहे. तुला कोण सांगतं की येत नाही?"

गोजरानं बोटानं खाली दाखवलं. बाईंना वाटलं पोरीनं लाजून मान खाली घातली.

त्यांनी वार्षिक परीक्षेला तिला वरच्या मजल्यावर बसवण्याची परवानगी मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, बैठक क्रमांक लागले आहेत, एकीला हलवलं की सगळ्यांच्या आया येतील. गणिताचे पेपर दुसऱ्या तुकडीचे सर तपासणार होते, आणि ते रीत बघत नसत. उत्तर चूक, गुण शून्य.

एप्रिलमधला गुरुवार उजाडला. गोजरा बांधावरून आली, पावलं मोजायची विसरून. तिचा क्रमांक बरोबर त्याच कोपऱ्यात, त्याच बाकावर पडला होता. पहिली घंटा झाली, पेपर वाटले, आणि वीज गेली. खडखडणारा पंखा हळूहळू फिरत थांबला. दिलीपची पट्टी पहाऱ्यावरच्या सरांनी आधीच काढून घेतली होती. त्या वर्षात पहिल्यांदाच वर्गात इतकं शांत झालं की फाटकाबाहेरच्या म्हशीचा श्वास ऐकू यावा.

पहिलं गणित. छत्तीस गुणिले तेवीस. गोजराचं उत्तर आठशे अठ्ठावीस. तिनं ते लिहिलं, रबर हातात घेतला आणि खालच्याची वाट पाहू लागली.

धप्.

"लाभ," खालचा म्हणाला.

धप्.

"एक."

गोजराच्या हातातला रबर तसाच राहिला. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं दुसरं गणित भराभरा करून पाहिलं, पुन्हा कान दिला.

"लाभ," धप्. "एक," धप्. "दोन," धप्.

जन्मात कोणी असं मोजलं नसेल. करावे गावातलं शेंबडं पोरही असं मोजत नाही. लाभानंतर एक कुठून येईल? लाभ म्हणजेच एक. पहिली पाटी पडली, मापारी लाभ म्हणाला, तेवढ्यात साखळीवाले आले, त्यांनी रस्ता विचारला, त्यानं सांगितला, आणि परत वळून तो एकपासून मोजायला लागला. एवढंच. आणि मग मेल्यावरही तो तसाच मोजत राहिला, रास कोणतीही असो, चूक तीच. अकरा-बारा वर्षं.

सबंध वर्ष आपण त्याची चूक उतरवून घेत होतो, हे गोजराच्या ध्यानात आलं.

ती बाकावर वाकली आणि ओठ जवळजवळ लाकडाला लावून पुटपुटली, "पोपटआजा, लाभानंतर दोन."

खालचं मोजणं थांबलं.

ते थांबताच वर्गातली हवा जड झाली. बाकाच्या लोखंडी पायांवर पाण्याचे थेंब धरले. सरांनी टेबलावरून मान वर करून पाहिलं आणि रुमालानं मान पुसली. गोजराच्या तोंडात खारट चव आली, समुद्रात बुडताना येत असावी तशी.

"कोन हाय?" आवाज आता तिच्या अगदी तळव्यांखाली होता.

"मी. सितारामाची गोजरा."

"सिताराम हसला व्हता."

"हो," गोजरा कुजबुजली. "तो चुकला. पन आजा, तुमी पन चुकलाव. पाटी गेली नाय. तुमी लाभ म्हनालाव ना, तीच ती. तुमच्या तोंडातच व्हती."

सर उठून तिच्या बाजूला येऊन उभे राहिले. "काय ग, कोणाशी बोलतेस?"

"आकडे म्हणते, सर."

"मनात म्हण."

सर परत गेले. आणि मग खालून, अगदी हळू, एखादा नवा पोरगा पहिल्या दिवशी मोजतो तसं भीत भीत आलं, "लाभ." धप्. "दोन." धप्. "तीन."

म्हातारा आपली रास मोजायला बसला होता. त्याला आता तिच्या गणितांशी घेणंदेणं नव्हतं. गोजरानं तिसरं गणित सोडवलं, खाली पाहिलं, कान दिला. खालून फक्त त्याची स्वतःची पाटी पडली, सहा विसा अकरा. तिला कोणी काही सांगत नव्हतं.

खरी भीती तिला तेव्हा वाटली. भूत होतं तोवर चुकलं तर त्याचं चुकत होतं. आता जे लिहायचं ते आपल्या नावावर. तिचा हात रबराकडे गेला, निव्वळ सवयीनं. पहिल्या गणितापुढे आठशे अठ्ठावीस होते. खोडायचे म्हटले तर करायचे किती? तिनं आकड्यांकडे रोखून पाहिलं. ते हलले नाहीत. तिनं पुन्हा गुणून पाहिलं, आपल्या रीतीनं, विसा-विसानं. एकेचाळीस विसा आठ. तेच.

तिनं रबर खिडकीबाहेर टाकला.

मग तिनं मान वर केली नाही. नफा, टक्केवारी, हौदाला लागणारा वेळ, सगळं ती घेत गेली, आणि तिच्या पायाखाली पाट्या पडत राहिल्या. दोघं आपापलं मोजत होते. शेवटची घंटा व्हायला पाच मिनिटं असताना खालचा आवाज म्हणाला, "चौदा इसा." मग थोडं थांबून, जवळजवळ खुशीत, "मुकादमाचा बरोबर व्हता रं."

झाकण लागल्याचा आवाज आला. पत्र्याच्या डब्याचं.

पेपर गोळा करायला आलेले सर शेवटच्या बाकाशी घसरले आणि पडले ते पडलेच. बाकाखाली मिठाची रास लागली होती, ताजी, ओली, जाड दाण्याची. शिपायानं ती पाटीत भरली तर शिगोशीग एक पाटी. कमी नाही, जास्त नाही. शाळेच्या सरबताला ते मीठ दोन वर्षं पुरलं.

गोजराला एक्क्याऐंशी गुण मिळाले. सितारामानं निकालपत्रक उलटं धरून दोनदा पाहिलं, सुलटं करून एकदा. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं. रविवारी तो शाळेच्या मागच्या भिंतीशी गेला, चपला काढल्या, आणि भिंतीला म्हणाला, "दादा, मी हसाया नाय पायजे व्हता." मग आठवीची फी भरून आला.

इथं गोष्ट संपवायला हरकत नव्हती. पण जून आला.

आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. गोजरा आता पहिल्या बाकावर बसायची आणि दिलीप तिची वही मागायचा. एक दिवस मधल्या सुट्टीत जिन्याखाली सातवीतली एक मुलगी तिची वाट पाहत उभी दिसली. नंदिनी नाव, साताऱ्याकडून नुकतीच आलेली, बोलताना वेणीचं टोक चावणारी.

"ताई, तुम्ही त्या शेवटच्या बाकावर बसत होता न्हवं?"

"हो. का ग?"

"तिथं खाली कोणतरी मोजतंय."

गोजराच्या कपाळावर आठी पडली. "म्हातारा?"

"न्हाई. पोरगी हाय." नंदिनीनं वेणी तोंडातून काढली. "मोजती बरोबर. लाभ म्हणती, मग दोन म्हणती. माझ्याआधी उत्तर सांगती आणि ते बरोबर असतंय. पण लगेच इचारती, बरोबर हाय ना? बरोबर हाय ना? इतक्यांदा इचारती की मलाच वाटतंय चुकलं आसंल. मग मी खोडती." तिनं वही पुढे केली. पानांना भोकं पडली होती. "आणि ताई, आवाज तुमच्यासारखा हाय. तुमचाच."

गोजरानं तिला मैदानावर पाठवलं आणि एकटी सातवीच्या वर्गात गेली. वर्ग रिकामा होता. पंखा बंद होता. शेवटच्या बाकाखाली फरशीच्या सांध्यात लोणा नव्यानं फुटला होता, आणि त्या पांढऱ्यात तिचा रबर अर्धा रुतलेला होता. तोच. खिडकीबाहेर टाकलेला.

ती गुडघ्यांवर बसली. फरशी गार होती. खाली कोणीतरी बसलं होतं. पहिल्या बाकावरून उठून कोपऱ्यात गेलेली, पाय वर घेऊन बसलेली, एका वर्षाची सगळी भीती पोटात धरलेली. एप्रिलमधल्या त्या गुरुवारी पेपर संपला तेव्हा गोजरा उठून घरी गेली होती. ही उठायचीच राहिली होती.

"एकेचाळीस विसा आठ," खालची म्हणाली. मग लहान आवाजात, "बरोबर हाय ना?"

गोजरानं ओठ फरशीला लावले. मीठ लागलं.

"हाय," ती म्हणाली. "मोज पुढं."

खालचीनं पुन्हा विचारलं नाही. मग पाटी पडली.